पिस्तुलात अडकलेली अक्षता

मी पिस्तूल बोलतोय. दचकू नका, माझं तोंड भिंतीकडे केलेलं आहे आणि पोट रिकामं आहे. व्हर्जिनियातल्या एका दुकानात, काचेच्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर, 'वापरलेले' अशा पाटीखाली मी पडून आहे. नवा होतो तेव्हाही माझी जागा खालच्याच फळीवर होती. स्वस्त वस्तू बघायला माणसाला वाकावं लागतं, आणि वाकताना तो आधी इकडेतिकडे बघतो. उल्हासही तसाच बघत वाकला होता.

माझ्या कारखान्याचं नाव सांगत नाही. सांगून कुणाचीच मान उंच व्हायची नाही. अर्धं अंग पोलादाचं, अर्धं प्लॅस्टिकचं, आणि खोक्यावर जन्मखूण म्हणून 'बजेट' हा शब्द. गरिबाच्या पोराला लहानपणीच ऐकवतात ना, तुझ्याकडून काय होणार, तसं माझं झालं.

उल्हास अ‍ॅशबर्नला एका डेटा सेंटरमध्ये नोकरी करतो. ग्रीन कार्डासाठी त्याने बारा वर्षं वाट पाहिली. त्या बारा वर्षांत साहेबाला उलट बोलला नाही, गाडी पाच मैल जास्त पळवली नाही. कार्ड हातात पडलं आणि महिन्याभरात तो मला घेऊन आला. त्याच सुमारास तिथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर निरोप फिरत होते की सोन्यासाठी देशी लोकांची घरं हेरून फोडतात. उल्हासच्या घरात सोनं म्हणजे नीलांबरीचं मंगळसूत्र आणि दोन बांगड्या. पण भीती काही तोळे मोजून येत नाही.

नीलांबरी म्हणजे त्याची बायको. तिने मला पाहिलं आणि हात मागे घेतला.

"तिजोरीत, कुलपात. आणि बाहेर काढायची नाही," ती म्हणाली.

"अगं, सेफ्टीसाठी आहे."

"म्हणूनच म्हणतेय."

बेसमेंटमधल्या तिजोरीत माझी चार वर्षं गेली. महिना-दोन महिन्यांतून एकदा उल्हास मला नेमबाजीच्या जागी नेई. मी जे काही फोडलं ते कागद. माझ्या गोळीने रक्त पाहिलेलं नाही, हे मी अभिमानाने सांगतो, कारण सांगण्यासारखं माझ्याकडे दुसरं फारसं काही नाही.

तिथे त्याच्यासोबत केदार असायचा. केदार समोरच्या घरात राहतो आणि त्याच्याकडे चार पिस्तुलं आहेत. उल्हासची गोळी चुकली की तो मला हातात घेऊन हसायचा.

"यार, ही स्टार्टर गन आहे. ट्रेड-इन कर आणि अपग्रेड घे. किती दिवस ही वापरणार?"

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. उल्हासचा हात थरथरायचा आणि नाव माझं खराब व्हायचं. घरी येऊन तो लॅपटॉपवर तक्ते करी. मला देऊन किती मिळतील, वर किती घालावे लागतील, कुठलं मॉडेल कमी अडतं. फोन बदलताना करतो तसंच सगळं. सहा महिने हे 'देऊ की ठेवू' चाललं. तो रोज मला विकायचा आणि रोज परत ठेवून घ्यायचा. असं टांगणीला लागण्यापेक्षा भंगारात जाणं बरं.

सप्टेंबरात उल्हासचे वडील आले. राजाराम त्यांचं नाव. नागपूरच्या आयटीआयमध्ये चौतीस वर्षं फिटर घडवलेला माणूस. दिवाळी करूनच परत जायचं, असं ठरवून आले होते. इथली थंडी बाधू नये म्हणून उल्हासने त्यांना काळी कानटोपी आणून दिली, डोळे आणि नाक सोडून सगळं झाकणारी.

मग खंडेनवमी आली. राजारामांनी आयुष्यभर त्या दिवशी वर्कशॉपमधल्या लेथला हार घातलेला. इथेही त्यांनी पाट मांडला. उल्हासने टूलबॉक्स ठेवला, लॅपटॉप ठेवला, गाडीची किल्ली ठेवली.

"आणि शस्त्र?" त्यांनी विचारलं. "काही नसेल तर भाजीची सुरी आण."

उल्हास म्हणाला, "बाबा, खरं शस्त्रच आहे घरात."

"उल्हास, नको," नीलांबरी म्हणाली.

"पूजेपुरतं गं. गोळ्या काढतो सगळ्या."

गोळ्या त्याने खरंच काढल्या. राजारामांनी मला उचललं आणि कुणी न शिकवता माझं तोंड भिंतीकडे केलं. अंगठ्याने माझा घोडा मागे सारून पाहिला. घोडा म्हणजे चाप ओढला की काडतुसावर आपटतो तो माझा लोखंडी भाग.

"कोरडं पडून राहिलं रे हे. मशीनला तेल नको का?" म्हणत त्यांनी दोन थेंब सोडले. मग हळद, कुंकू, अक्षता, आणि एक पिवळी शेवंती. हात जोडले. चार वर्षांत मला पहिल्यांदाच कुणी हात जोडत होतं. मला बरं वाटलं आणि लाजही वाटली. लेथने निदान काही घडवलेलं असतं.

त्या अक्षतांमधला एक दाणा माझ्या घोड्याच्या खाचेत घसरला आणि तेलात चिकटून बसला.

पूजा झाल्यावर उल्हासने मला टिश्यूने वरवर पुसलं, गोळ्या भरल्या आणि बेडरूमच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. बेसमेंटमध्ये उद्या ठेवू म्हणाला. ते उद्या नऊ दिवस उजाडलं नाही.

आता त्या शेवंतीबद्दल सांगायला हवं. राजारामांना झोप लवकर सोडून जायची. पहाटे ते कानटोपी चढवून, हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन देवाला फुलं आणायला निघत. कुंपणाबाहेर डोकावलेलं फूल देवाचं, हा त्यांचा कायदा. नागपुरात त्यांनी असे अर्ध्या मोहल्ल्याचे कण्हेर आणि जास्वंद खुडले होते आणि कुणी हूं की चूं केलं नव्हतं. अ‍ॅशबर्नमध्ये मात्र दर दाराला कॅमेरा आहे.

एका संध्याकाळी उल्हास पलंगावर बसून फोनमध्ये डोळे घालून होता. वस्तीच्या अ‍ॅपवर कुणीतरी फोटो टाकला होता. अंधुक उजेड, तोंड झाकलेला माणूस, हातात पिशवी, दुसऱ्याच्या अंगणात वाकलेला. खाली लोकांचे शेरे होते. मास्क घातलाय. घरांची पाहणी करतोय. पोलिसांना कळवा. केदारने तोच फोटो पाठवून वर लिहिलं होतं, 'आपल्याच स्ट्रीटवर आहे, बी रेडी.'

उल्हासने तो नीलांबरीला दाखवला. तिने चष्मा नव्हता म्हणून फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "काहीच दिसत नाहीये यात."

उल्हासने फोटो मोठा केला. मोठा करून करून त्याचे नुसते ठिपके होईपर्यंत पाहिला. आपण आणलेली टोपी त्याला ओळखता आली नाही. बापाचा वाकलेला पाठकणाही ओळखता आला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी खाली स्वयंपाकघराचं सरकतं दार खडखडलं. उल्हासने मला ड्रॉवरमधून काढलं. सोबत त्याच्या बोटांचा घामही माझ्या मुठीला लागला. तो जिना उतरला. काचेपलीकडून एक काळी आकृती आत आली, तोंड झाकलेलं, हातात पिशवी.

"हू इज इट?" उल्हास ओरडला.

टोपीने कान झाकले होते. आकृती थांबली नाही.

त्याने चाप ओढला. मी हे नीट सांगतोय, कारण तो जन्मात कुणाला सांगणार नाही. त्याने चाप पूर्ण ओढला. माझा घोडा मागे गेला आणि पुढे आपटला, आणि मध्ये तो दाणा होता. तांदळाच्या त्या एका दाण्याने घोड्याचा जोर खाऊन टाकला. काडतूस नळीत गप्प राहिलं. नुसतं 'टक्' झालं.

जिन्यावरून नीलांबरीने दिवा लावला.

"बाबा! तुम्ही?"

राजारामांच्या पिशवीत शेवंती होती, दवाने ओली. नीलांबरीने उल्हासच्या हातात मला पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तिने मला पाहिलं, पण तो आवाज तिच्या कानावर गेला नव्हता. राजारामांनी टोपी काढली. ज्या माणसाने चौतीस वर्षं कानाने यंत्रं ओळखली, त्याला 'टक्' कशाचा होता हे सांगावं लागलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाच्या बोटाकडे. फुलं ओट्यावर ठेवली.

"चहा ठेव गं, बाई," ते म्हणाले आणि ओट्याची कड धरून उभे राहिले.

नीलांबरी उल्हासला बाजूला घेऊन म्हणाली, "ही वस्तू घरातून गेली पाहिजे. मला दुसरं काही ऐकायचं नाही."

"जाईल. प्रॉमिस."

दोन दिवसांनी राजारामांनी तिकीट अलीकडचं करायला सांगितलं. नीलांबरीला काही उमजेना. चकलीची भाजणीसुद्धा आणून ठेवली होती तिने.

"बाबा, दिवाळी आठ दिवसांवर आलीय. आमचं काही चुकलं का?"

"नाही गं. थंडी सोसून नाही राहिली."

त्या संध्याकाळी उल्हास त्यांच्या बॅगेचं वजन करत होता. मला तिजोरीत ठेवायला निघालेला तो, मध्येच मला शेल्फवर ठेवून बॅगेला हात द्यायला थांबला होता. बॅग उचलता उचलता तो म्हणाला, "बाबा, त्या दिवशी..."

राजारामांनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. "मी फुलं आणायला नको होती," ते म्हणाले.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मी उल्हासच्या तोंडावर त्या वेळी पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस जन्मभर माझ्यासारख्याला शिवणार नाही.

शनिवारी वडिलांना विमानतळावर सोडून तो सरळ या दुकानात आला. काउंटरवरच्या दाढीवाल्याने मला हातात घेतलं आणि काय त्रास आहे विचारलं.

"गरज होती तेव्हा फायर झाली नाही," उल्हास म्हणाला.

दाढीवाल्याने सहानुभूतीने मान हलवली. "नशीब तुमचं, जिवंत आहात."

गरज! मी ओरडून ओरडून सांगत होतो, पण माझा आवाज ऐकू आला तर तो एकाच कामाचा असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. दाढीवाल्याने मला उघडलं, खाचेत बारीक ब्रश फिरवला, आणि काचेवर तांदळाचा एक दाणा पडला. अजून लाल होता.

"हे काय, तांदूळ?" तो हसला. "एवढंच झालं होतं तर. बाकी काही बिघाड नाही, साफ केली की झालं. ठेवून घेताय?"

उल्हासने बोटाच्या टोकाने तो दाणा उचलला. त्याचे डोळे भरून आले. त्याला सगळं कळलं होतं, याची मी शपथ घेतो. पूजेचा पाट, कुंकू, बापाचा हात, सगळं त्याला त्या दाण्यात दिसलं. माझं चार वर्षांचं आयुष्य त्या क्षणासाठी होतं असं मला वाटलं. आता हा मला टेबलावर टाकून रिकाम्या हाताने बाहेर पडेल, अशी मी वाट पाहिली.

त्याने दाणा झटकला.

"नाही, ट्रेड-इनच करायचंय," तो म्हणाला. "असल्या बारीकसारीक गोष्टींनी जी अडत नाही, अशी दाखवा."

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

वरच्या फळीवरून एक देखणं पिस्तूल उतरलं. माझी किंमत त्याच्या किमतीतून वजा झाली. कागदपत्रं चालली असताना नीलांबरीचा फोन आला. तिचा आवाज माझ्यापर्यंत आला.

"बाबा चेक-इन झाले का? आणि ती वस्तू?"

"काढली गं. गेली ती."

"सुटले मी. आता रात्री झोप लागेल."

"हो," उल्हास म्हणाला. त्याच्या दुसऱ्या हातात नवं खोकं होतं.

तेव्हापासून मी इथे आहे. लोक येतात, वाकतात, किंमत विचारतात आणि विचारतात, अडत तर नाही ना? दाढीवाला सांगतो, अजिबात नाही, आता एकदम चोख आहे. तो खोटं बोलत नाही. मी आता चोख आहे. माझ्या खाचेत आता काहीही नाही.

तुमच्यापैकी कुणी मला न्यायला आलंच, तर नेऊ नका. नेल्याशिवाय राहवतच नसेल, तर माझ्या घोड्याच्या खाचेत तांदळाचा एक दाणा ठेवा आणि तो कधी काढू नका. आणि अ‍ॅशबर्नला त्या घराच्या ओळखीचं कुणी असेल, तर नीलांबरीला एवढा निरोप द्या, की बेडरूमचा ड्रॉवर एकदा उघडून बघ. बाबा पुन्हा आले, तर त्यांना सांग, फुलं विकतची आणू.