सतरावी पायरी

सुमन गव्हाणे १९५५ साली पिंपरीच्या औषधकारखान्यात आकडेवारीच्या खात्यात लागली. भोसरीहून सायकलवर यायची. खात्यात हातानं फिरवायचं गणनयंत्र होतं. काम नऊला सुरू व्हायचं, पण साहेबांची परवानगी काढून ती सातलाच येऊन बसे आणि दोन तास एका धूमकेतूचा माग काढी.

हा धूमकेतू तिला पुण्यातल्या तिच्या जुन्या प्राध्यापकांनी, नानासाहेबांनी सुचवला होता. काही वर्षांपूर्वी तो नुसता दुर्बिणीतून दिसला आणि निघून गेला. सूर्याजवळ असताना त्याची कक्षा किंचित उघडी भरली होती; म्हणजे तो सूर्याला बांधलेला नव्हता. मुळातच तो तसा आला होता, की येता येता गुरू-शनीनं ओढून त्याची वाट बदलली होती? हे कळायचं तर उलटं चालत जायला हवं होतं. चाळीस दिवस मागं, मग आणखी चाळीस दिवस मागं. दर पायरीला ग्रह कुठं होते ते छापील कोष्टकांतून घ्यायचं आणि त्यांची ओढ काढायची. वीस वर्षांच्या एकशे त्र्याऐंशी पायऱ्या झाल्या. त्याला आठ महिने लागले.

कक्षा शेवटपर्यंत उघडीच राहिली. नानासाहेबांचं उलट टपाली पत्र आलं: ‘म्हणजे हा दुसऱ्याच सूर्याकडचा! दसऱ्यानंतर व्याख्यान ठेवतो.’

सुमननं पत्र वडिलांना वाचून दाखवलं. उद्धवरावांची उभी हयात चाकण-महाळुंग्याच्या शिवारात जमिनीची मोजणी करण्यात गेली होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मोजत परत आलीस का?”

“म्हणजे?”

“आमी बांधाबांधानं मोजत जायचो आन् निघाल्या खुणंवर परत यायचो. खुणंवर आलं न्हाई, तर मोजणी चुकली. मग कुनी कितीबी घाई करू दे.”

ती परत आली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तिनं कोष्टकं नव्यानं उतरवली आणि वीस वर्षं मागच्या शेवटच्या पायरीपासून पुढं यायला लागली. आता हात बसला होता. एकेक पायरी जुन्या कागदाशी जुळत गेली. पन्नास, शंभर, दीडशे. सगळं बरोबरच आहे, असं वाटायला लागलं, आणि मूळ मोजणीतल्या सतराव्या पायरीवर आकडे फुटले. जुना कागद काढला. गुरूच्या ओढीपुढचं ऋण चिन्ह तिच्याच हातून राहून गेलं होतं. तिथून मागचं सगळं वाकडं गेलं होतं.

रविवारी ती पुण्याला गेली.

“एक चिन्ह?” नानासाहेब म्हणाले. “अगं, पत्रिका छापून झाल्यात.”

“सर, त्या पायरीच्या मागच्या सगळ्या पायऱ्या पुन्हा मांडते.”

“आणि उत्तर उलटं आलं तर?”

“तर उलटं सांगायचं. आत्ता जे आहे ते उत्तरच नाही.”

नानासाहेबांनी पत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारला. मग म्हणाले, “सहा आठवडे आहेत. होईल?”

“करते.”

ती सहालाच कारखान्यात यायला लागली. साहेबांनी पाचनंतरही यंत्र वापरू दिलं. दांडा फिरवून उजवं मनगट सुजलं, तेव्हा तिनं त्यावर फडकं बांधलं आणि डाव्या हातानं फिरवलं. या खेपेला दर दहा पायऱ्यांनी ती मागं फिरून खुणेवर येत होती. मग पुढची पायरी.

व्याख्यानाच्या पाच दिवस आधी ती शेवटच्या पायरीला पोचली. कक्षा बंद निघाली. फार मोठी, लाखो वर्षांच्या फेरीची, पण बंद. धूमकेतू आपल्याच सूर्याचा होता. वाटेत ग्रहांनी त्याला ढकललं होतं.

नानासाहेबांनी सभेत चार वाक्यांत प्रास्ताविक केलं. “पत्रिकेतला विषय चुकला आहे. चूक कुणी शोधली, ते तिच्याच तोंडून ऐका,” म्हणाले आणि खडू सुमनच्या हातात दिला. समोर अकरा माणसं होती. मागच्या बाकावर उद्धवराव पटका सावरत बसले होते. तिनं आधी फळ्यावर गुरूची जागा मांडली. सतराव्या पायरीची चूक तिनं स्वतःच्या नावानिशी सांगितली.

शेवटी एका गृहस्थांनी विचारलं, “मग तो परत येणार का?”

“ते पुढच्या वाटेवर ठरेल,” सुमन म्हणाली. “जाताना ग्रहांनी त्याला किती ओढलं, ते अजून मांडायचंय. पहिल्या तीन पायऱ्या झाल्यात.”