धुरात टांगलेला ढवळू

चैतीनं आपल्या घरधन्याला धुरात टांगलं होतं. हसू नका! बियाण्याला कीड लागू नये म्हणून ते चुलीवर धुरात टांगतात. मग जामसरातल्या बाईनं नवऱ्याचा फोटो टिकावा म्हणून दुसरीकडे कुठं टांगायचा? ढवळूचा तेवढा एकच फोटो. राजाचं राज्य होतं तेव्हा जव्हारच्या दसऱ्याला वामन फोटोवाल्यानं काढलेला. राज्य विलीन झालं त्याच साली ढवळू तापानं गेला. लेक फागी तेव्हा पोटात होती, बापाची ओळख तिला त्या कागदावरूनच. आणि आता फोटोतल्या ढवळूच्या कानापासून गालापर्यंत पिवळेपणा चढत चालला होता.

म्हणून चैती फागीला घेऊन वामनच्या ओट्यावर येऊन थडकली. बसेना, पाणी पिईना, नुसत्या येरझारा.

"धुरानं खाल्लाय," वामन म्हणाला. "उरलाय तेवढा टिकवतो. पण मधेच घाबरायचं नाही, सांगून ठेवतो."

त्यानं फोटो भिजवून औषधाच्या ताटात सोडला. बघता बघता ढवळूचं मुंडासं गेलं, डोळे गेले, हसू गेलं. उरला नुसता पिवळट कागद.

 झडप घालून चैतीनं तो ओला कागद उचलला नि अंगणात उतरली. "तापानं मारला तो मारला! आता तू पुसलास!"

"अगं बये, असाच नेलास तर कोराच राहील!" वामन ओरडला. "अर्ध्यावर आहे तो. आण इकडे."

विश्वास ठेवायचा तरी कसा? चैतीनं कागद पाठीमागे धरला. शेवटी फागीच म्हणाली, "आये, दे ना."

वामननं कागद धुऊन दुसऱ्या ताटात टाकला. सडक्या अंड्यांची घाण सुटली. चैतीनं नाक धरलं नाही, डोळे मिटले.

"बा आला!" फागी किंचाळली.

आला होता खरा. काळा-पांढरा नव्हे, नागलीच्या भाकरीच्या रंगाचा, जिवंतपणी होता तसा. गालावरचा डाग तेवढा राहिला. चैती ढसाढसा रडली.

"आता ठेवू कुठं?" पदरानं नाक पुसत तिनं विचारलं. "धूर नाय अशी जागाच नाय आमच्या घरात."

"चुलीवरच टांग. धूर त्याला पिवळा-तांबूस करणार होता, ते मीच औषधानं आधी करून टाकलंय. आता काय करतो तो त्याला!"

संध्याकाळी चैतीनं ढवळूला बियाण्याशेजारी टांगलं आणि चूल पेटवली. धूर वर चढला, तशी तिची मानही वर गेली. भाकरी करपली तरी तिची नजर काही खाली येईना.