आधी आलेला हशा

नाटकमंडळीत मावशीला मावशी सोडून दुसरं नाव नव्हतं. सव्वीस वर्षं विंगेत बसून तिनं नटांना वाक्यं पुरवली. नट श्वास घेऊन अडखळायचा अवकाश, मावशीची कुजबूज त्याच्या कानाशी हजर!

आता दिग्दर्शक पोरीनं रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना दोन पडदे लावले होते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी त्यांवर उमटणारे संवाद वाचायचे.

"मावशी, यंत्राला आपोआप जमत नाही हो. नट दर प्रयोगाला वेगळ्या जागी थांबतात. नाटक तोंडपाठ असलेलं माणूसच हवं. एक वाक्य, एक बटण."

"आणि विंगेत कोण?"

"शंभर प्रयोग झालेत. यांना आता काय विसरायला होतंय?"

मावशी तयार झाली ती खरं तर नवऱ्यासाठी. काकांनी तीस वर्षं याच मंडळींचे सेट उभे केले आणि करवतीच्या यंत्रानं त्यांना पार बहिरं केलं. तीन वर्षांपूर्वी ते मध्यंतरातच उठून घरी आले होते. "लोक हसतात आणि मी खांबासारखा बसतो. पुन्हा मला नेऊ नकोस," म्हणाले. तेव्हापासून नाट्यगृहाच्या रस्त्यालाही फिरकले नव्हते. या वेळी मावशीनं कागदावर लिहून दिलं : एकदा या. नाही जमलं तर मध्यंतरात निघा, मी अवाक्षर काढणार नाही.

आले बिचारे. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत, निघायला सोपं म्हणून.

मावशी प्रेक्षकांच्या मागच्या, वरच्या खोलीत दिवेवाल्याशेजारी लॅपटॉप घेऊन बसली. पडदा उघडला आणि तिची जुनी खोड उफाळून आली. नायकानं श्वास घेतला की हिचं बोट बटणावर! वाक्य त्याच्या तोंडाआधी पडद्यावर. विनोदाची जागा आली, नायकानं तोंड उघडलं, आणि अख्खं नाट्यगृह आधीच खदाखदा हसलं. नायक बावचळला. असं एकदा नाही, चारदा झालं!

मध्यंतरात तो तरातरा वर आला. "मावशी, माझा हशा माझ्याआधी? मग मी तिथं काय हवा खायला उभा राहू?"

"चुकलं रे बाबा. हाताला वळणच तसं पडलंय."

ओशाळल्या तोंडानं तिनं काचेतून खाली पाहिलं. काका खुर्चीतच होते, शेजाऱ्याला पडदा दाखवून काहीतरी सांगत होते. मावशीच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या अंकात तिनं मनाला बजावलं : तो बोलल्याशिवाय बटण दाबायचं नाही. मेलं तरी नाही. शेवटचा प्रवेश आला. बंद दारापाशी नायक बहिणीची माफी मागतो. नायक दाराशी आला, थांबला, आणि थांबूनच राहिला. डोळे विंगेकडे वळले. विंग रिकामी! मावशीनं ओळखलं : विसरला! इथून कुजबुजून काय उपयोग? तिनं बटण दाबलं. पण पडद्यांची तोंडं प्रेक्षकांकडे, नायकाला दिसणार कसे?

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "चूक माझी होती, ताई. दार उघड!"

काका! बहिऱ्या माणसाला आवाजाचा अंदाज कुठला? त्यांना वाटत होतं, आपण वाचता वाचता पुटपुटतोय.

नायकानं वाक्य झेललं आणि असं म्हटलं की पलीकडची बहीण खरंच रडली. टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांना मात्र फक्त माना दिसल्या, सगळ्या आपल्याकडे वळलेल्या. चेहरा उतरला, ते उठायला लागले. मावशीनं काचेवर हात आपटला, पण ते काकांना कुठून ऐकू जायला! तेव्हा नायक पुढं आला, छातीवर हात ठेवून काकांपुढं वाकला आणि खुणेनं म्हणाला, बसा. काका बसले. नाटक संपेपर्यंत बसले.

नाट्यगृह रिकामं झालं तरी ते बसूनच होते. लॅपटॉपवर सूचना लिहायला एक रिकामी चौकट होती. मावशीनं एका बोटानं अक्षरं शोधत लिहिलं, आणि दोन्ही पडद्यांवर उमटलं : अहो, घरी चला आता.

काकांनी वाचलं. मागं वळून न बघताच म्हणाले, "थांब गं. जरा बसू दे."