उन्हाचं माप

गेल्या उन्हाळ्यात आबांचं अंग तीनदा तापलं. तिसऱ्या वेळी शुद्धच हरपली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला, ताईला, बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "अशा खोलीत अजून एक उन्हाळा यांना झेपायचा नाही." चाळीस वर्षं बेकरीच्या भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस, आणि म्हातारपणी नशिबी पत्र्याखालची खोली! ताई रडत बसली नाही. ती कपडे शिवायची. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा तिचा धर्म. त्याच आठवड्यात तिने घर बांधायचं ठरवलं आणि आपल्या रिकाम्या जागेत एक काठी रोवली.

दर रविवारी भर दुपारी ती तिथे जायची आणि काठीची सावली जिथे संपेल तिथे खुंटी ठोकायची. लोक म्हणाले, पोरीच्या डोक्याला ऊन लागलं. थंडी पडेपर्यंत खुंट्यांची रांग तयार झाली, आणि वर्षभर ऊन कुठून, किती आत शिरणार, हे ताईला तोंडपाठ झालं.

घराचा नकाशा बघून तिचा भाऊ, दादा, भडकला. रस्ता पश्चिमेला, आणि रस्त्याकडे एकही खिडकी नाही!

"अगं, हे घर आहे की रुसून बसलेली नवरी? माझ्या घरासारखी समोर मोठी काच लाव, एसी मी घेऊन देतो."

"आणि वीज गेली की? रोज दुपारीच जाते ना मेली!"

"मग काय करणार, थोडं सोसायचं."

"सोसायचं कुणी, दादा? तू की आबांनी?"

दादाने नकाशाची गुंडाळी करून तिच्या हातात दिली. पश्चिमेला दुहेरी भिंत उभी राहिली, मध्ये चार बोटं पोकळी, आणि तिला लागून जिना आणि कोठी. खिडक्या उत्तर-दक्षिण, समोरासमोर. वर गच्चीला पांढरा चुना.

घोटाळा झाला तो छज्ज्यात. ताई कपडे पोचवायला गेली होती, तेवढ्यात मिस्त्रींनी दक्षिणेच्या खिडकीवर छज्जा ओतून टाकला. दीड फूट. तिने अडीच सांगितला होता.

"सगळीकडे दीडच घालतो मी. तीस वर्षं झाली," मिस्त्री म्हणाले.

"मिस्त्री, गिऱ्हाईक कसलंही असो, मी एकाच मापाची बाही शिवली तर चालेल?"

"एका फुटाने काय बिघडतंय, ताई?"

तिने त्यांना खुंट्यांपाशी नेलं, काठीच्या टोकापासून खुंटीपर्यंत दोरी ताणून उन्हाचा तिरपेपणा दाखवला. दीड फुटात उन्हाळ्याच्या तोंडाचं ऊन खिडकीतून आत येऊन, आबांचा पलंग जिथे येणार होता, थेट तिथे पडत होतं. अडीच फुटात ते बाहेरच अडत होतं, आणि थंडीत मात्र खाली उतरून आत यायला मोकळं होतं. मिस्त्रींनी स्वतःच घण उचलला आणि छज्जा फोडायला घेतला. पैसे वाया जात होते, पण ताईने थांबा म्हटलं नाही.

आबा नव्या घरात राहायला आले, आणि मागोमाग उन्हाळा आला तो आग ओकतच. एका दुपारी वीज गेली ती तासन् तास आलीच नाही. दादाच्या घरात काचेमागे भट्टी पेटली. त्याला आधी आबा आठवले. तो घामाने निथळत, धापा टाकत ताईच्या दारात आला. हातात बर्फाची पिशवी होती.

"आबा कसे आहेत? दवाखान्यात हलवायचं का?"

ताईने शिवणयंत्रावरचा पाय थांबवला आणि ओठांवर बोट ठेवलं. आत आबा पलंगावर शांत झोपले होते, कपाळ कोरडं. दादाने भिंतीला हात लावून बघितला, तर ती गार. मग तो तिथेच फरशीवर बसला, आणि त्याचे डोळे भरून आले.

त्याच्या चाहुलीने आबांची झोप चाळवली. डोळे न उघडताच ते पुटपुटले, "पोरी, पायांवर जरा चादर टाक गं."

दादा चटकन उठला. चादर त्यानेच टाकली.