तिसऱ्या खणातला उमेदवार

मी तिसऱ्या खणातून बोलतोय. मी एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड. नखाएवढी चिप, दोन्ही बाजूंना पिना, अंगाने काडेपेटीपेक्षा लहान. एकदा काम शिकवलं की न कंटाळता तेच करत राहायचं, हा माझा स्वभाव. अर्थात, कुणी शिकवलं तर.

मालकांनी मला आणलं ते त्यांच्या वडिलांसाठी. बाबांना दारावरची बेल ऐकू येत नाही. बेल वाजली की त्यांच्या खुर्चीसमोर दिवा लागावा, एवढंच काम होतं. माझं पाकीट फोडताना मालक म्हणाले, "रविवारी लावून टाकतो." मी हुरळून गेलो. नवा होतो.

शनिवारी त्यांनी कुठेसं वाचलं की माझी मेमरी कमी आहे. एक दिवा लावायला ती कितीशी लागते, हे कुणी विचारलं नाही. मग वायफायवाला बोर्ड आला, त्याच्यामागून बॅटरी वाचवणारा. प्रत्येकाचं आठवडाभर कौतुक, मग रवानगी खणात, माझ्या अंगावर. खण मिटेना झाला. भिंतीवर तुलनेचा तक्ता लागला: अकरा बोर्ड, चौदा रकाने. स्थळं पाहणारेसुद्धा इतकी नावं ठेवत नसतील. एक तरी जोडून पाहा, असं मालकीणबाई म्हणाल्या. चुकीचा निवडला तर पुढे पस्तावावं लागतं, असं मालकांनी त्यांना समजावलं आणि पंधरावा रकाना आखला.

तोवर बाबांनी खुर्ची दाराशी नेली होती. दारावर तळहात टेकून बसायचे. कुणी ठोठावलं तर हाताला कळावं म्हणून. एका दुपारी घरी एकटे असताना त्यांचा डोळा लागला. नेमकी त्याच वेळी त्यांची थोरली बहीण काठी टेकत तीन जिने चढून आली, बराच वेळ बेल दाबत राहिली आणि परत गेली. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा कळलं.

बाबा मालकांच्या खोलीत आले. तक्त्याकडे बघत म्हणाले, "ताई आता पुन्हा जिने चढायची नाही रे."

मालक खाली मान घालून म्हणाले, की निवड जवळजवळ झालीच आहे.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी वायरमनला बोलावलं. "बेलबरोबर दिवा लागायला हवाय, एवढंच ना?" म्हणाला, आणि चहा निवायच्या आत मोकळा झाला. मला त्याचा फार राग आला. मग बाबा दिव्याकडे बघून हसले, आणि तो राग मालकांकडे वळला.

आता दिवा लागला की बाबा लगबगीने उठतात. बहुतेकदा दूधवाला असतो. ताई अजून आलेली नाही.

तुमच्याही खणात माझा कुणी भाऊबंद असेल. तो सर्वांत चांगला नसेलही. पण त्याला बाहेर काढा, आजच एखादा दिवा जोडा.

आमच्याकडे काल बारावा आला. रविवारी लावणार आहेत म्हणाला. मी थोडा सरकलो आणि त्याला जागा करून दिली.