डाव्या हाताचा क्लच

वडिलांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, तेव्हा ते एवढंच बोलले, "म्हणजे क्लच गेला." तीस वर्षं त्यांनी डोंगरांची मोजणी करणाऱ्या पथकाची जीप चालवली होती. जीप मोडीत निघाली तेव्हा त्यांनीच ती विकत घेतली. आता ती ताडपत्रीखाली उभी होती. विकूही देईनात आणि तिच्याकडे बघेनातही.

त्यांची मुलगी, जिला घरात सगळे ठमी म्हणत, कारखान्यात लेथवर काम करायची. लोखंड तिचं ऐकायचं. एका सुट्टीला तिनं ताडपत्री ओढली आणि सरळ गाडीखाली शिरली.

"मूळ गाडीला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो!" वडील खिडकीतून गरजले.

"मूळ गाडीची चाळण झालीय, बाबा. शाबूत आहे तो तुमचा आवाज!"

अकरा महिने सुट्टी म्हणून तिला नव्हतीच. कुजलेला पत्रा कापला, खचलेले स्प्रिंगचे पाटे बदलले, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले. वडिलांची खुर्ची खिडकीतून दारात आली, दारातून अंगणात. आई म्हणायची, "घरात दोन दोन मेकॅनिक, आणि नळ गळतोय तो गळतोयच!"

खरी मेख क्लचची होती. ठमीनं गिअरच्या दांड्यावरच एक मूठ बसवली. डाव्या हातानं ती दाबली की क्लच दबणार आणि त्याच हातानं गिअर पडणार. वडील स्टिअरिंगवर बसले. मूठ दगडासारखी घट्ट. ती हातातून निसटली, गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. तीनदा तेच. वडील कुबड्या घेऊन आत गेले आणि चार दिवस बाहेर फिरकले नाहीत. ठमीला घास गोड लागेना.

पाचव्या दिवशी ती कामावरून आली, तर वडील गाडीत, कोपरापर्यंत तेलकट.

"ठमे, ब्रेकला जोर कमी लागावा म्हणून बूस्टर असतो, मग क्लचला का नको? आणि ही मूठ तळव्यानं दाबायची कर. बोटं थकतात."

"हे आधी नाही सांगायचं?"

"आधी रागवायचं होतं."

तिनं त्यांच्या तळव्याचं माप घेऊन नवी मूठ घडवली, बूस्टर जोडला. गाडीची रीतसर तपासणी झाली, नवा परवाना निघाला. मग दोघं खाणीमागच्या चढाला गेले.

अर्ध्यावर मागची चाकं मुरमात जागच्या जागी फिरायला लागली. गाडी मागे घसरली. ठमीचा हात हँडब्रेककडे गेला.

"तो राहू दे! पुढची चाकं टाक!" वडिलांनी ब्रेक दाबला, मूठ आवळली, ठमीनं पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर देणारा दुसरा दांडा ओढला. त्यांनी मूठ केसाएवढी सैल केली, पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर उडाला, आणि चारही चाकांनी जमीन धरली. गाडी गुरगुरत वर चढली.

माथ्यावर खाणीचा मुकादम बघतच राहिला. "काका, एका पायानं? काय गाडी ठेवलीय तुम्ही!"

"गाडी हिची," वडील म्हणाले. "आम्ही नुसते ड्रायव्हर."

ठमी तेल गळतंय का ते बघायला गाडीखाली वाकली होती. एक थेंबही गळत नव्हता. तरी ती बराच वेळ बाहेर आली नाही. डोळे कोरडे व्हायला तेवढा वेळ लागला.