दोन्ही पावलं उजवी

लिंबाजींच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मुखेडपासून चार कोसांवरच्या त्या गावातली बायामाणसं दारात, खिडकीत, एकमेकांच्या खांद्यांवरून माना उंच करून आत बघत होती.

त्यांच्या पत्नी साखराबाईंना जाऊन दहा दिवस झाले होते. जिथं त्यांनी प्राण सोडला, त्या जागी आदल्या संध्याकाळी ज्वारीचं पीठ पसरलं, मधोमध दिवा ठेवला आणि वर दुरडी पालथी घातली. खोलीला कुलूप लावून किल्ली लिंबाजींनी कनवटीला खोचली. गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला त्याची खूण सकाळी पिठात उमटते, ही तिकडची जुनी चाल. कुणाला मुंग्यांची वाट दिसे, कुणाला पाखराचं नख. घरचे हात जोडत आणि कामाला लागत. पण या वेळी खूण वाचायला हंसगिरी महाराज आदल्या दिवशीच येऊन राहिले होते.

महाराजांनी डोळे मिटून दुरडी उचलली. पिठात दोन इवली पावलं होती. टाचा, चवडे, दहा बोटं, सगळं स्वच्छ.

"आली! माउली मनुष्यजन्माला आली!" महाराज गरजले. "चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा, पण माउली यमदूतांना म्हणाली, थांबा, माझं या घरात काम राहिलंय!"

यमदूतांशी झालेलं बोलणं महाराजांना शब्द न् शब्द कसं ठाऊक, हे कुणी विचारलं नाही. सगळ्या नजरा हळूहळू फिरल्या आणि पुनमच्या पोटावर येऊन थांबल्या. धाकट्या सुनेला आठवा महिना होता.

पुनमनं पदर पोटावर ओढून घेतला. सासू गेली त्या दुपारची गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. साखराबाई म्हणाल्या होत्या, "पाय चेपून दे गं जरा." आणि ती फणकारली होती, "माझेच पाय सुजलेत आत्याबाई, मी कुणाला सांगू?" तासाभरानं सासू गेली.

महाराजांनी जणू तेच ओळखलं. "इच्छा राहिलीय तिची," ते पुनमकडं बोट करत म्हणाले. "आता या देहाला लोखंड लागू देऊ नका. सुई न्हाई, दवाखाना न्हाई. सुई टोचली तर जीव माघारी फिरंल. आन् एकटा न्हाई जायचा, सोबत घेऊन जाईल! बाळंतपण आमच्या मठात होईल. सगळा जिल्हा दर्शनाला येईल."

त्या दिवसापासून पुनमला पोटातल्या बाळाची भीती वाटू लागली. ते आत हललं की तिला वाटे, सासूच कूस बदलतेय. घरातल्या बाया तिच्या पाया पडत आणि लगेच दोन पावलं मागं सरत. नवरा बजरंग तिच्याशी जपून, परक्यासारखं बोले. पिठातल्या पावलांचा त्यानं मोबाइलवर काढलेला फोटो मोठा करून देवघरात लावला होता. पुनम तिकडं पाठ करून बसे. डोकं ठणके, डोळ्यांपुढं काजवे चमकत. तिला वाटे, आत्याबाई रागावल्यात.

आठवड्यानं उपकेंद्रातली सिस्टर समीक्षा आली. लिंबाजींनी तिला दारातच अडवलं.

"सुई द्यायची न्हाई, सिस्टर."

"न्हाई देत, काका. नुसता दंडाला पट्टा बांधते. त्यात लोखंड न्हाई, कापड हाय."

पट्ट्याचा आकडा बघून समीक्षाचा चेहरा उतरला. तिनं पुनमच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरेचना. "डोकं दुखतं? डोळ्यांपुढं चमकतं?"

पुनम रडू लागली. पाय चेपायची गोष्ट, सासूचा राग, सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं.

"हा कुणाचा राग न्हाई, पुनम. बीपी हाय. तवाच पाय सुजले होते तुझे, तू खोटं बोलली न्हाईस. आज दवाखान्यात न्हेलं न्हाई तर झटके येतील. तुझा न् बाळाचा, दोघांचा जीव धोक्यात हाय."

"पण ती पावलं?" पुनमनं न बघता देवघराकडं हात केला.

समीक्षा फोटोपुढं गेली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अंगठे बघ बरं. दोन्ही एकाच बाजूला. लेकराला दोन्ही पाय उजवेच असतात का गं?"

पुनमनं त्या दिवसानंतर पहिल्यांदा फोटोकडं नीट पाहिलं. ती भिंत धरून उठली, परातीत पीठ ओतलं, हातानं सपाट केलं. उजव्या हाताची मूठ वळून करंगळीच्या बाजूनं दाबली. वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके दिले. इवलं पाऊल उमटलं. दर वर्षी गौरी आणताना दारापासून देवघरापर्यंत ती हीच पावलं उमटवत आली होती. घरातल्या प्रत्येक बाईला ती येत होती, आणि भीतीपोटी एकीलाही ओळखू आली नव्हती.

"मामा!" तिनं सासऱ्यांना हाक मारली. "दुरडी झाकायच्या आधी दिवा कुणी ठेवला?"

लिंबाजी परातीकडं बघतच राहिले. "महाराजांनी," ते सावकाश म्हणाले. "अंगावरची शाल आडवी सोडली होती. वारा लागू न्हाई म्हणून."

"डाव्या हातात दिवा," समीक्षा म्हणाली, "म्हणून उजवी मूठ तेवढी मोकळी. शालीआड दोनदा दाबली, वरनं दुरडी. कुलूप लागायच्या आधीच पावलं उमटली होती, काका. तुम्ही रिकामीच राखण केली."

तेवढ्यात महाराज पुनमला मठात न्यायला जीप घेऊन दारात आलेच. परात बघून गरजले, "नास्तिक बाई घरात घेतली? आत्मा खवळंल! आज या घरातनं दुसरी तिरडी—"

"महाराज," लिंबाजी मधेच म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "आठ दिस झाले, मी त्या फोटोसंगं बोलून राहिलो. सकाळी च्या प्यायच्या आधी इचारतो, साखरा, बरी हाईस का? ती तुमची मूठ होती?"

महाराजांनी उजवा हात शालीत ओढून घेतला. जीपचा आवाज ऐकून दारात जमलेल्या बायांपैकी एकीनं ओट्यावरच्या धुळीत मूठ दाबून पाहिली, मग दुसरीनं. महाराज कधी जीपमध्ये बसले ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

"बजरंग, गाडी काढ," लिंबाजी म्हणाले.

मुखेडच्या दवाखान्यानं सुई देऊन लगेच नांदेडला धाडलं. वाटभर पुनमनं समीक्षाचा हात सोडला नाही. "मी मरंन का?" ती विचारत राहिली, आणि समीक्षा दर वेळी म्हणत राहिली, "दवाखान्यात निघालोय ना आपण." ऑपरेशन झालं. मुलगी झाली, जेमतेम पावणेदोन किलोची. पंधरा दिवस काचेच्या पेटीत राहिली आणि जगली.

घरी आणल्यावर शेजारणी विचारू लागल्या, साखराबाईंसारखी दिसते का? लिंबाजींनी तिला मांडीवर घेतलं. "साखरा गेली," ते म्हणाले. "ही नवी हाय. हिला हिचं हिचं जगू द्या."

मेल्यावर जीव कुठं जातो, हा प्रश्न माणूस फार जुन्या काळापासून विचारतो आहे. त्यावर कुणाची श्रद्धा असेल, कुणाची नसेल. ठाऊक नाही, असं म्हणण्यातही कमीपणा नाही. पण त्या प्रश्नाचं उत्तर सांगत कुणी तुमच्या लेकीसुनेची औषधाची वाट अडवली, तर हात जोडू नका. घाबरला असाल तरी विचारा: हे केलं कुणी, आणि तेव्हा त्याचे हात कुठं होते?